शरणपूरचा जेकब वेनराइट

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा अंत्यविधी झाला. शवपेटीवरील आच्छादनाची टोके धरून आठ माणसे चालत होती. त्यांत अमेरिकी वृत्तपत्राचा बातमीदार हेन्री स्टॅन्ली होता, झांझिबारचे डॉ. जॉन कर्क होते, लिव्हिंग्स्टनसाहेबांचे जुने शिकारी मित्र होते. सात जण गोरे होते. आठवा विशीच्या आतबाहेरचा एक आफ्रिकी तरुण होता आणि तो शिकला होता आपल्या नाशिकजवळच्या शरणपुरात. त्याचे नाव जेकब वेनराइट.

लिव्हिंग्स्टनसाहेबांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथशाळेत ऐकलेले असते. गुडघे टेकून प्रार्थना करता करता त्यांना मरण आले आणि त्यांच्या नोकरांनी त्यांचे शव समुद्रापर्यंत नेले, इथवर आपल्याला माहीत असते. ‘नोकर’ या एका शब्दाखाली कोण कोण झाकले गेले आहे, हे विचारण्याची मात्र आपल्याला सवय नाही. ह्या लेखात आपण त्यांतील एकाचा मागोवा घेऊ.

जेकब याओ जमातीचा होता. न्यासा सरोवराच्या आसपास, आजच्या मलावी, मोझांबिक व टांझानिया या देशांच्या सीमा जेथे भेटतात त्या मुलखात, या लोकांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथून गुलामांचे तांडे किल्व्याच्या बंदराकडे चालवीत नेले जात. मोठ्यांच्या मानेत दुबेळकी लाकडाचे जोखड असे. मुलांना दोरीने एकमेकांस बांधीत. किल्व्याहून झांझिबार आणि झांझिबारच्या बाजारातून अरबस्तान, इराण वगैरे देशांकडे अरबी गलबते भरून जात. दरवर्षी हजारो जीव या वाटेने विकले जात होते. जेकब लहानपणीच या वाटेला लागला. त्याचे दैव इतकेच बरे की समुद्रावर गस्त घालणाऱ्या इंग्रजी आरमाराने त्याची सुटका केली.

पण सुटका झालेल्या मुलाने जायचे कोठे? त्याचे गाव शेकडो मैल आत आणि त्या वाटेवर पुन्हा तेच धरपकड करणारे. म्हणून आरमाराची जहाजे अशा मुलांना एडनला किंवा मुंबईला उतरवीत. मुंबई सरकार त्यांपैकी काहींना मिशनऱ्यांच्या स्वाधीन करी. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली नाशिकजवळ एक ख्रिस्ती गाव वसविले होते. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे त्याचे प्रमुख. गावाचे नाव शरणपूर. मोशेच्या नियमशास्त्रातील शरणपुरे आपणांस ठाऊक आहेत; जीव वाचविण्यासाठी धावत आलेल्याला ज्यांच्या वेशी उघड्या ठेवायच्या, ती नगरे. नाशिकच्या शरणपुरात आफ्रिकी मुलांसाठी आश्रम होता. आज नाशिकला शरणपूर रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

तेथे मुले वाचन-लेखन, इंग्रजी व शास्त्र शिकत आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखा एखादा धंदाही शिकत. बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथजवळ किंवा भट्टीजवळ उभा राहून घर चालविणाऱ्या आपल्या मराठी बांधवाला त्या शिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. हातात हुन्नर असला की माणूस कोणाच्या दारात उभा राहत नाही, हा प्राइससाहेबांचा हिशेब होता. मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी नवी नावेही मिळत. वेनराइट म्हणजे इंग्रजीत गाडे बनविणारा सुतार. असल्या आडनावाचे पूर्वज त्या मुलाला नव्हते. पण इतिहासात तो याच नावाने राहिला.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिका उभी राहते. परंतु ज्या युरोपातून मिशनरी आले तो युरोपही एके काळी आपल्याच लेकरांना विकीत असे. इंग्रजी भाषेतील गुलाम या अर्थाचा शब्दच मुळी पूर्व युरोपातील स्लाव लोकांच्या नावावरून आलेला आहे. इतके ते लोक मध्ययुगात पकडले व विकले गेले. आयर्लंडचा प्रेषित संत पॅट्रिक सोळा वर्षांचा असताना समुद्री चाच्यांनी पळवून विकलेला गुलाम होता. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमने गावोगावची मोजदाद करविली, तेव्हा नोंदल्या गेलेल्या लोकांपैकी सुमारे दहांतला एक जण गुलाम निघाला. ब्रिस्टल बंदरातून आयर्लंडला माणसे विकली जात. वूस्टरचे बिशप वुल्फस्टन तेथे पुन्हा पुन्हा जाऊन महिनोन्‌महिने उपदेश करीत राहिले, तेव्हा कोठे तो व्यापार मंदावला. पुढे ११०२ साली आर्चबिशप अन्सेल्म यांनी बोलाविलेल्या धर्मसभेने माणसांची जनावरांप्रमाणे विक्री करण्यास मनाई केली. ती सभा भरली होती वेस्टमिन्स्टरच्या संत पेत्राच्या मंदिरात, म्हणजे ज्या ठिकाणी ७७२ वर्षांनी जेकब शवपेटीबरोबर चालला त्याच ठिकाणी. मूळ इमारत पुढे तेराव्या शतकात पाडून नव्याने बांधली गेली, जागा तीच.

त्या ठरावाचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. इंग्लंडात उघड गुलामगिरी पुढच्या शतकात ओसरली हे खरे. पण तिच्या जागी कुळांची वेठ उरली. जमीन सोडून जायचे नाही, मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसा भरायचा, आठवड्यातील ठराविक दिवस धन्याच्या शेतात राबायचे, अशी ती दशा. मठांच्या जमिनीही अशाच कुळांकडून कसल्या जात. पुढे समुद्र ओलांडताच तीच ख्रिस्ती राष्ट्रे पूर्वीपेक्षा मोठ्या प्रमाणावर माणसे विकू लागली. आपल्या गोव्यात १५८० च्या दशकात राहिलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच लेखकाने तेथील भर रस्त्यावरच्या लिलावात गुलाम कसे विकले जात याचे वर्णन करून ठेवले आहे. इंग्रजांनी हा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला, तोवर अठराव्या शतकात त्यांनीच त्यात पुढाकार मिळविला होता. तेव्हा १८६० च्या सुमारास गलबतातून मुलांना सोडविणारे आरमार आणि आधीच्या शतकात गुलाम वाहून नेणारी जहाजे एकाच राष्ट्राची होती, हे आपण विसरू नये.

आता शरणपूरकडे वळू. लिव्हिंग्स्टनसाहेब सप्टेंबर १८६५ मध्ये आपल्या शेवटच्या प्रवासाच्या तयारीसाठी मुंबईस आले. आदल्या वर्षी ते आपली लहानशी आगबोट स्वतः हाकीत मुंबईला आले होते आणि चुमा व विकतानी या दोन मुक्त केलेल्या मुलांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून गेले होते. चुमाला १८६१ साली लिव्हिंग्स्टन व बिशप मॅकेन्झी यांच्या मंडळीने गुलामांच्या तांड्यातून सोडविले होते. डिसेंबर १८६५ मध्ये दोघांचा विल्सनसाहेबांच्या हस्ते बाप्तिस्मा झाला. शरणपुरातून आणखी नऊ तरुण या प्रवासास स्वेच्छेने निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये सर्वांनी मुंबई सोडली.

या नऊ जणांविषयी लिव्हिंग्स्टनसाहेबांचे मत काही बरे झाले नाही. शरणपूरच्या मुलांच्या आळसाबद्दल त्यांनी रोजनिशीत कडवट तक्रारी लिहिल्या आहेत. पुष्कळ जण वाटेत सोडून गेले. शेवटपर्यंत टिकले ते एडवर्ड गार्डनर आणि मबरुकी हे दोघे. शाळेच्या चार भिंतींत वाढलेल्या मुलांना एकाएकी जंगलातील हमाली पेलली नसेल, असे आपण त्यांच्या बाजूने म्हणू शकतो. पण साहेबांचा ग्रह व्हायचा तो झाला होता.

जेकब या कथेत १८७२ साली आला. स्टॅन्लीने लिव्हिंग्स्टनना उजिजी येथे शोधून काढले, त्यांना चलण्याचा आग्रह केला, तो त्यांनी मानला नाही, आणि स्टॅन्ली एकटाच झांझिबारला परतला. तेथून त्याने त्यांच्याकडे सत्तावन्न माणसांची एक तुकडी पाठविली. तिच्यात शरणपूरचे सहा तरुण होते: जेकब व त्याचा भाऊ जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, बेंजामिन रतन आणि रिचर्ड रतन. ऑगस्ट १८७२ मध्ये ही तुकडी उन्यान्येंबे येथे लिव्हिंग्स्टनना मिळाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वजण नैर्ऋत्येकडे निघाले.

पुढचे आठ महिने पाऊस, दलदल आणि आजार. बांगवेउलू सरोवराच्या काठची पाणथळ जमीन कमरेइतक्या पाण्यातून तुडवावी लागे. साहेबांना रक्तस्रावाने चालवेनासे झाले तेव्हा माणसांनी झोळी करून त्यांना खांद्यावर वाहिले. चितांबो नावाच्या नाईकाच्या गावी त्यांच्यासाठी झोपडी बांधण्यात आली. १ मे १८७३ च्या पहाटे ते बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले.

आता, वाचकहो, त्या साठेक माणसांच्या जागी आपणांस ठेवून पाहा. धनी गेला. किनारा हजार मैलांहून दूर. परक्याच्या गावात मृत्यू झाला म्हणून नाईक जबर दंड वसूल करील ही भीती. प्रेत घेऊन जाणाऱ्याला कोणतेही गाव वेशीत येऊ देणार नाही, इतकी प्रेताची धास्ती त्या मुलखात होती. साहेबांना तेथेच माती देऊन निघून जाणे सर्वांत सोपे होते आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोषही दिला नसता. पण चुमा व सुसी यांनी सर्वांना एकत्र बोलाविले आणि शव स्वदेशी पाठवायचे असे ठरले. साहेबांच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या. लिहिता येणाऱ्या जेकबने त्यांतील वस्तूंची यादी वहीत करून घेतली, म्हणजे पुढे कोणावर चोरीचा आळ येऊ नये.

चितांबो नाईक भला निघाला. मृत्यूची बातमी लपविलेली असूनही त्याला कळली. तो रागावला नाही, उलट आपल्या लोकांना घेऊन शोक करण्यास आला. गावाबाहेर छप्पर नसलेली, सभोवार कुंपण घातलेली झोपडी उभारण्यात आली. डॉक्टरच्या घरी चाकरी करताना शवविच्छेदन पाहिलेला फारिजाला आणि शरणपूरचा कॅरस यांनी शव उघडून हृदय व आतडी काढली. ती पत्र्याच्या डब्यात घालून सुमारे चार फूट खोल खड्ड्यात पुरण्यात आली. तेथे जेकबने प्रार्थनापुस्तकातून प्रेतक्रियेची उपासना वाचली.

या दृश्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. आसपास शेकडो मैलांत एकही पाळक नाही. जमलेल्यांत मुसलमान आहेत, आपल्या पूर्वजांचे देव मानणारे आहेत, थोडे ख्रिस्ती आहेत. आणि ज्याला कधी काळी गुरासारखे हाकलत नेले होते, तो तरुण नाशिकजवळ शिकलेल्या इंग्रजीत पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द वाचतो आहे. शरणपूरच्या मुलांना आळशी ठरविणाऱ्या माणसावर ती उपासना झाली, आणि ती शरणपूरच्या मुलानेच वाचली. नंतर त्याने जवळच्या मोठ्या झाडाच्या खोडावर साहेबांचे नाव व तारीख कोरली. त्या झाडाचा अक्षरे असलेला भाग पुढे कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला.

शवाला मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळविले. मग कापडात गुंडाळून, झाडाची सबंध सोललेली साल भोवती नळकांड्यासारखी बसवून, वरून शिडाचे कापड शिवले. दांड्याला बांधून दोघांनी उचलावे असे ते ओझे झाले. योसेफाच्या अस्थी मिसर देशातून नेणाऱ्या इस्राएल लोकांची येथे कोणालाही आठवण व्हावी. तेथे विकल्या गेलेल्या माणसाच्या अस्थी मुक्त झालेल्यांनी नेल्या. येथे विकल्या गेलेल्यांपैकी काही जणच नेणारे होते.

नऊ महिन्यांच्या त्या वाटेचे सगळे हाल सांगत बसत नाही. प्रारंभीच तापाने जवळजवळ सगळे आडवे झाले आणि महिनाभर मुक्काम करावा लागला. एका गावाशी लढाईच जुंपली. सुमारे दहा वर्षांची एक मुलगी वाटेत सर्पदंशाने दगावली. ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबे येथे लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी निघालेला लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. पुढची वाट धोक्याची आहे, साहेबांना येथेच पुरून टाकावे, असे त्याने सुचविले. या माणसांनी गोऱ्या अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि नाही म्हणून सांगितले. ज्यांना आयुष्यभर हुकूमच मिळाले होते त्यांचा हा नकार मला त्या सबंध प्रवासातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढे कासेकेरा येथे लोकांनी प्रेताला वाट देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. आपण हरलो, शव परत नेऊन पुरतो, असे जाहीर केले. ताटांची मोळी प्रेतासारखी गुंडाळून काही जण ती खांद्यावर घेऊन शोक करीत उलट दिशेने निघाले आणि रात्री रानात ती काडी काडी करून फेकून दिली. इकडे खरे शव व्यापाऱ्याच्या कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे गेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचला. तेथे इंग्रज वकिलातीच्या प्रभारी अधिकाऱ्याने शव ताब्यात घेतले, माणसांचे पगार चुकते केले आणि त्यांना रजा दिली. बस्स, इतकेच.

इंग्लंडपर्यंत शवाबरोबर जायला मिळाले ते एकट्या जेकबला, कारण त्याला इंग्रजी येत होते व चर्च मिशनरी सोसायटीने त्याचे भाडे भरले. १५ एप्रिल १८७४ रोजी बोट साउथॅम्प्टनला लागली. त्याच संध्याकाळी लंडनला डॉक्टरांनी शव तपासले. फार पूर्वी सिंहाने चावून मोडलेले डाव्या दंडाचे हाड वाकडे जुळलेले होते, त्यावरून ओळख पटली. तीन दिवसांनी अंत्यविधी झाला. चुमा व सुसी यांना एका स्नेह्याने स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला आणले खरे, पण ते पोचले तेव्हा दफन होऊन गेले होते.

जेकब काही महिने इंग्लंडात राहिला. सभांतून त्याला उभे करीत, लोक त्याला पाहायला गर्दी करीत. पुढे मिशनच्या लोकांत तक्रार सुरू झाली की हा मुलगा फुगला, याला मोठेपणा चढला. वाचकहो, ही तक्रार आपण जपून ऐकली पाहिजे. बालपणी विकला गेलेला, परक्यांनी नाव दिलेला एक तरुण. एका वर्षी तो दलदलीत ओझे वाहतो आणि पुढच्या वर्षी राजे-राण्यांच्या समाधींमधून चालतो. त्याने नम्र राहावे ही अपेक्षा ठीक; पण त्याने कृतज्ञच राहावे, आणि तेही जन्मभर, ही अपेक्षा थोडी धन्याच्या अपेक्षेसारखी नाही काय? उपकार करणाऱ्या हाताला कधी कधी पकड सोडवत नाही. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशा १८७४ साली प्रसिद्ध झाल्या, त्यांचे संपादक होरेस वॉलर यांनी मृत्यूनंतरची हकीकत मुख्यतः चुमा व सुसी यांच्याकडून घेतली. ज्याने त्या वाटेवर स्वतः लेखणी चालविली होती तो जेकब त्या पुस्तकात बाजूलाच राहिला. त्याच्या दैनंदिनीचे जर्मन भाषांतर त्या सुमारास जर्मनीतील एका भूगोलविषयक मासिकात आले, एवढेच.

याच काळात शरणपूरचेही दिवस पालटले. जून १८७३ मध्ये सुलतान बरगाशने सर बार्टल फ्रियर यांनी पुढे केलेल्या कराराला मान्यता दिली आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. त्या जागेवर आज अँग्लिकन कॅथीड्रल उभे आहे. मुक्त केलेल्यांना आता समुद्रापार मुंबईस आणण्याऐवजी आफ्रिकेतच वसवावे असे ठरले. प्राइससाहेब स्वतः मोम्बासाला गेले आणि त्यांनी फ्रियर टाउन ही वसाहत उभी केली. नाशिककडून गेलेले सुमारे दीडशे आफ्रिकी ख्रिस्ती तिचा पाया झाले. तेथे ते ‘मुंबईचे आफ्रिकी’ म्हणून ओळखले जात. कारागीर, शिक्षक, दुभाषे, सुवार्तिक असे लोक त्यांच्यातून निघाले आणि पूर्व आफ्रिकेतील मंडळीच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातील मंडळीच्या इतिहासात हे पान क्वचितच उघडले जाते.

जेकबही प्राइससाहेबांबरोबर आफ्रिकेला परतला होता. पण मिशनचे व त्याचे फार दिवस जमले नाही. तो तेथून निघाला, आत युगांडापर्यंत गेला, पुढे उरांबो येथे लंडन मिशनरी सोसायटीच्या ठाण्यावर काम करू लागला. तेथेच १८९२ साली तो मरण पावला. चुमा त्याच्या दहा वर्षे आधी, १८८२ साली, झांझिबारला क्षयाने गेला होता. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र फार जगला. १९३५ पर्यंत मोम्बासाकडे हा म्हातारा लिव्हिंग्स्टनच्या तांड्यातील अखेरचा माणूस म्हणून ओळखला जात असे.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने शव आणणाऱ्यांसाठी साठ पदके पाडविली. ती आफ्रिकेस पोचली तोवर माणसे चहूकडे पांगली होती. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मधल्या दालनात लिव्हिंग्स्टनसाहेबांची काळी समाधीशिला आहे. विश्वासू हातांनी जमीन व समुद्र ओलांडून त्यांना तेथे आणले, असा तिच्यावर उल्लेख आहे; हातांची नावे नाहीत. जेकबने स्वतःच्या हाताने लिहिलेली मूळ इंग्रजी दैनंदिनी स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे, लिव्हिंग्स्टनसाहेबांच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयात आहे. २०१९ साली तिची पाने सर्वांना संगणकावर वाचता येतील अशी खुली झाली.